महापौर निवडणारे हात

नमस्कार श्रोतेहो.

येत्या गुरुवारी, १५ जानेवारी २०२६ ला, ठाणे आणि नवी मुंबईसह राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान आहे. शेअर रिक्षात, स्टेशनबाहेरच्या टपरीवर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे: महापौर कोण होणार? ही चर्चा रंगते तेव्हा मला काळजी वाटते, कारण बोलणाऱ्यांपैकी कितीतरी जण असं धरून चाललेले असतात की गुरुवारी आपण महापौरालाच मत देणार. तसं नाही. मतदान यंत्रावर महापौरासाठी एकही बटण नसेल.

तुमचे कुणी नातेवाईक अंबरनाथला किंवा बदलापूरला राहत असतील, तर त्यांनी गेल्या महिन्यात थेट नगराध्यक्षासाठी मत दिलं. नगरपालिकेत ती सोय आहे. महापालिकेत नगरसेवक निवडून येतात, त्यांचं सभागृह भरतं, आणि तिथे नगरसेवकच हात वर करून आपल्यातल्या एकाला महापौर करतात, अडीच वर्षांसाठी. ठाण्यात असे हात १३१ आहेत, नवी मुंबईत १११. आपल्याला निवडायचे आहेत ते हे हात.

यंदा तर महापौरपदाच्या आरक्षणाची सोडतही अजून निघालेली नाही. पद खुलं राहील, महिलेसाठी राखीव होईल, इतर मागासवर्गाकडे जाईल की अनुसूचित जाती-जमातीकडे, हे निकालानंतर कळेल. म्हणजे ज्यांच्या बॅनरवर ‘भावी महापौर’ असं लिहिलं आहे, त्यांना त्या पदासाठी अर्ज तरी भरता येईल का, हे आज त्यांनाही ठाऊक नाही. तो शब्द वाचून मत ठरवू नका.

मग ठरवायचं कशावर? पक्षावर, की माणसावर? शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जायचा, आणि त्याला एका ओळीत उत्तर नाही. महापौराच्या निवडीपुरतं बोलायचं तर पक्षाचं वजन जास्त असतं. निकाल लागले की प्रत्येक पक्षाचे नगरसेवक बेलापूरच्या कोकण भवनात जाऊन विभागीय आयुक्तांकडे आपला गट नोंदवतात. त्यानंतर त्यांना पक्षादेश लागू होतो. पक्षादेश मोडून मत दिलं तर नगरसेवकपद जाऊ शकतं, तसा कायदा महाराष्ट्रात १९८६ पासून आहे. तेव्हा तुमचा आवडता उमेदवार कितीही स्वतंत्र वृत्तीचा असला, तरी महापौर निवडीच्या दिवशी त्याचा हात कुठे वर जाणार, हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. पक्ष न बघता केवळ माणूस बघून मत दिलं असं आपण म्हणतो, पण त्या मतासोबत महापौरही निवडला जातो.

आणि एकेका हाताची किंमत ठाणेकरांनी पाहिलेली आहे. १९८६ साली ठाणे महापालिकेची पहिली निवडणूक झाली, सतीश प्रधान पहिले महापौर झाले. पुढे १९८९ च्या महापौर निवडणुकीत मतं फुटली आणि निकाल एका मतानं फिरला. त्यानंतर फुटल्याचा संशय असलेल्या एका नगरसेवकाचा खून झाला, हे जुन्या ठाणेकरांना सांगायला नको.

पण महापौराची निवड अडीच वर्षांतून एकदा होते. बाकी सगळे दिवस सभागृहात रोजचं काम चालतं, आणि तिथे माणूस मोजला जातो. रोजच्या कारभाराचे अधिकार महापौराकडे नसतात, ते महापालिका आयुक्तांकडे असतात, आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमतं. महापौर सर्वसाधारण सभा चालवतो. कोणाला बोलू द्यायचं, कोणता विषय पुढे घ्यायचा, चर्चा कधी थांबवायची, हे त्याच्या हातात असतं. निविदा आणि खर्चाचे मोठे विषय स्थायी समितीकडे जातात, तिथे १६ सदस्य असतात. सभागृहानं केलेला ठरावसुद्धा राज्य सरकार विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग नगरसेवकाच्या हातात उरतं काय? उरतं ते फार मोलाचं आहे. प्रश्न विचारणं, आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेणं.

ठाण्यात पाचपाखाडीच्या महापालिका मुख्यालयात, नरेंद्र बल्लाळ सभागृहात सभा भरते तेव्हा नगरसेवकांच्या हातात विषयपत्रिका असते. प्रत्येक विषयाखाली प्रशासनाचा गोषवारा असतो: काम काय, खर्च किती, कोणत्या लेखाशीर्षातून. विषय संपत आले, लोक पांगायला लागले, की येतात ‘आयत्या वेळचे विषय’. हे आधी कोणी वाचलेले नसतात. सूचक एक, अनुमोदक एक, आणि विषय मंजूर. अशा वेळी उठून ‘गोषवारा कुठे आहे, तो वाचल्याशिवाय मंजुरी नाही’ असं म्हणणारा एखादाच असतो. तो कुठल्या पक्षाचा आहे याला तेव्हा फारसा अर्थ नसतो. तो वाचतो, ऐकतो आणि खाली बसत नाही, एवढं पुरतं. मला वाटतं, आपल्या प्रभागातून असा एक तरी माणूस पाठवणं हे गुरुवारचं खरं काम आहे.

सभागृहात झालेला एखादा निर्णय किती वर्षं पुरतो, याचं उदाहरण खाडीपलीकडेच आहे. नवी मुंबई महापालिका १९९२ साली स्थापन झाली, तिची पहिली निवडणूक १९९५ साली झाली. ठाण्याच्या मानानं किती लहान वय. पण त्या महापालिकेनं मोरबे धरण विकत घेतलं, आणि आज ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत जे पाणी येतं ते प्रामुख्यानं स्वतःच्या धरणाचं आहे. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची, महापालिका १९८२ ची, आणि ठाण्याकडे आजही स्वतःचं धरण नाही. थोडं स्वतःच्या योजनेतून, थोडं स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून, थोडं एमआयडीसीकडून, थोडं मुंबई महापालिकेकडून, असं पाणी गोळा करून शहर चालतं. घोडबंदर रोडवर एकामागून एक टॉवर उभे राहतात आणि त्यांच्या गेटवर टँकर उभा असतो. या मार्गावर आजवर ज्यांनी ज्यांनी मतं मागितली, त्यांनी सभागृहात पाण्यावर काय भूमिका घेतली, हे तपासण्याचा हक्क आपल्याला आहे.

आता उमेदवार दारात येतील तेव्हाचं बोलते. येताना सोबत वीस-पंचवीस माणसं असतात, हातात पत्रक देतात, नमस्कार करतात, आणि जिन्यावरून वर निघून जातात. त्यांना थांबवा. एकच प्रश्न विचारायला मिळणार असेल तर हा विचारा: ‘आपल्या भागाला पाणी कुठल्या जलकुंभातून येतं, आणि शटडाऊन झाल्यावर शेवटच्या इमारतीला दाब यायला किती वेळ लागतो?’ प्रश्न साधा आहे, पण ज्यानं या प्रभागात खरंच काम केलं आहे, त्याला व्हॉल्व्हमनची वेळसुद्धा पाठ असते. ज्यानं केलेलं नाही तो म्हणतो, ‘निवडून द्या, सगळं मार्गी लावतो.’ दिव्यात राहत असाल तर कचऱ्याचं विचारा, कळव्यात राहत असाल तर शिवाजी महाराज रुग्णालयाचं विचारा, कोपरखैरणे-घणसोलीच्या गावठाणात असाल तर वाढीव बांधकामांचं. उत्तरात ‘मी बघतो’ आलं, की पुढचा प्रश्न असा असावा: हे काम महापालिकेच्या अधिकारात येतं का? सिडको, एमआयडीसी, मेट्रोचं एमएमआरडीए आणि महापालिका यांतला फरक ज्याला कळत नाही, तो पुढची वर्षं आपल्याला एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवत राहील.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, ही आपल्या राज्याची मोठी कमाई आहे. पण कितीतरी बॅनरवर उमेदवार ताईंपेक्षा त्यांच्या यजमानांचा फोटो मोठा असतो, आणि दारात आल्यावर बोलतातही यजमानच. तिथे नम्रपणे म्हणा, ‘दादा, जरा थांबा, ताईंना बोलू द्या.’ बऱ्याच वेळा त्या फार चांगलं बोलतात. नळाची वेळ, अंगणवाडी, मुलींच्या शाळेबाहेरचा अंधार, हे त्यांनी स्वतः सोसलेलं असतं. त्यांना बोलायची संधी मिळालेली नसते, इतकंच. आणि त्यांना बोलूच दिलं जात नसेल, तर सभागृहातही तेच होणार हे ओळखावं.

प्रत्येक उमेदवारानं अर्जासोबत शपथपत्र दिलेलं असतं. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यात असतं. ते वाचा, पण नीट वाचा. गुन्ह्यांचा आकडा बघून माणसाची पारख होत नाही. पाण्यासाठी मोर्चा काढला, जमावबंदी मोडली म्हणून दाखल झालेला गुन्हा वेगळा, आणि खंडणीचा किंवा फसवणुकीचा वेगळा. कलमं बघा. महापालिकेच्या कंत्राटात ज्याचा हितसंबंध आहे त्याला कायद्यानं नगरसेवक राहता येत नाही, तेव्हा रस्त्याची आणि गटाराची कामं कोणाच्या घरात जातात, याची कुजबुज गल्लीत असेल तर ती कानावेगळी करू नका, शहानिशा करा. आणि बाकांवर, कमानींवर, पेव्हर ब्लॉकच्या कडेला ‘अमुक यांच्या प्रयत्नातून’ असं लिहिलेलं दिसलं, तर लक्षात असू द्या की प्रयत्न त्यांचा असेलही, पण पैसा आपल्या मालमत्ता कराचा आहे.

प्रत्यक्ष मतदानाबद्दलही सांगायला हवं. ठाणे आणि नवी मुंबईत प्रत्येकी एक प्रभाग सोडला तर सगळे प्रभाग चार जणांचे आहेत. म्हणजे तुम्हाला एक नाही, चार मतं द्यायची आहेत: अ, ब, क आणि ड. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो. २०१७ साली ठाण्यात अशीच निवडणूक झाली. तेव्हा केंद्रांवर असं व्हायचं की आजोबा एक बटण दाबून निघायचे, आणि अधिकारी हाक मारायचे, ‘काका, अजून तीन मतं राहिली.’ मग ते गोंधळून परत जायचे, मागे रांग खोळंबलेली, आणि उरलेली तीन बटणं घाईघाईनं दाबून मोकळे व्हायचे. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे की त्या घाईत विचार होत नाही. म्हणून चारही नावं घरूनच ठरवून जा. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांच्याजवळ बसून समजावून सांगा, कुणाला मत द्यायचं ते मात्र सांगू नका.

कार्यकर्ते तुम्हाला सांगतील, ‘पॅनल टाका’, म्हणजे चारही मतं एकाच चिन्हाला द्या. विचार करून तसं ठरवलं असेल तर जरूर द्या. पण चार जागा म्हणजे चार वेगळी माणसं आहेत. एक जण पंधरा वर्षं वस्तीत राबलेला असतो, आणि त्याच्याच पत्रकावर दुसरा असा असतो की ज्याला अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी पक्षानं बोलावून घेतलं. दोघांना एकाच तराजूत तोलू नका. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर तिथे ‘नोटा’ आहे.

एक वाक्य मी अलीकडे पुष्कळ ऐकते आणि ते मला बोचतं. ‘इतकी वर्षं नगरसेवक नव्हते, काय बिघडलं?’ नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक आहे. या काळात अधिकाऱ्यांनी कामं केली नाहीत असं मी म्हणत नाही. पण अंदाजपत्रक मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच होते. शाळेचं मैदान, बाजाराची जागा, रस्त्याकडेची झाडं, यांवर भर सभेत उभं राहून जाब विचारणारं कुणी नव्हतं. त्या काळात आपण तक्रार केली की ॲपवर एक क्रमांक यायचा, आणि काही दिवसांनी ‘निराकरण झाले’ असा मेसेज यायचा. निराकरण झालं नाही हे सांगायला आपण कोणाच्या दारात जायचं? नगरसेवकाच्या दारात रात्री दहालाही जाता यायचं, त्याच्या तोंडावर बोलता यायचं, आणि पाच वर्षांनी त्यालाही आपल्या दारात यावं लागायचं. त्या येण्याजाण्यात लोकशाही आहे असं मी मुलांना शिकवलं, आणि आजही मला ते मनापासून पटतं. या वर्षांत अठरा पूर्ण केलेल्या मुलामुलींनी तर मतदार झाल्यापासून आपला नगरसेवक पाहिलेलाच नाही. ती गुरुवारी पहिल्यांदा महापालिकेसाठी मत देतील. त्यांना सोबत घेऊन जा.

निकाल लागल्यावर महापौर निवडीची सभा होईल, फेटे बांधले जातील, गुलाल उधळला जाईल. त्यानंतर आपल्या प्रभागातल्या चौघांकडे एक मागणी करा. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे वस्तीतल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या गरजा सांगायच्या. ही तरतूद बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली आहे. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाकडून आत्ताच शब्द घ्या: पहिल्या वर्षात आमची क्षेत्रसभा बोलावणार का? ‘हो’ म्हणाला तर तारीख विचारा.

मतदान गुरुवारी सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच या वेळेत आहे. यादीत तुमच्या नावापुढे दोन तारे (**) असतील, तर ते संभाव्य दुबार नाव म्हणून नोंदलेलं आहे. केंद्रावर जास्तीची ओळख तपासली जाईल, म्हणून ओळखपत्र विसरू नका आणि थोडं लवकर निघा. नमस्कार.