झोताची हवा: आउग्सबुर्गचं इंजिन आणि त्याचा कॉम्प्रेसर

(दृश्य: म्युनिकचं डॉइचेस म्युझियम. उभं, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन.)

सिलिंडरचा व्यास २५० मिलिमीटर, पिस्टनची धाव ४०० मिलिमीटर. फेब्रुवारी १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी याची चाचणी घेतली. मिनिटाला १५४ फेरे, जवळपास १८ अश्वशक्ती, आणि दर अश्वशक्तीला तासाला २३८ ग्रॅम रॉकेल. इंधनातली २६ टक्के उष्णता कामी आली. वाफेचं इंजिन याच्या जवळपासही पोचत नव्हतं.

इथवर यायला चार वर्षं लागली. १० ऑगस्ट १८९३ च्या पहिल्या प्रयोगात सिलिंडरमधला दाब ८० बारच्या (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) आसपास चढला आणि दाब नोंदवणारं यंत्रच फुटलं. म्हणजे दाबून तापलेल्या हवेत इंधन पेट घेतं हे सिद्ध झालं. यंत्र फुटल्याचं दुःख त्यापुढे किरकोळ.

(दृश्य: इंधन व्हॉल्व्हचा छेद.)

खरी अडचण इंधन आत घालायची. सिलिंडरमध्ये ३० बारच्या वर दाब, आणि तिथे थेंबभर तेल बारीक तुषार करून सोडायचं. तेवढ्या दाबाने अचूक मोजून तेल देणारा पंप त्या काळी बनत नव्हता. मग हवेची मदत घेतली. पंप फक्त मोजलेलं तेल व्हॉल्व्हच्या पोटात नेऊन ठेवायचा. मागे ५० ते ७० बारची हवा दाबून उभी. कॅमने (फिरणाऱ्या उंचवट्याच्या चकतीने) निडल, म्हणजे व्हॉल्व्हची सुई, उचलली की हवा तेलाला झोतासारखं आत फेकायची.

पण ही हवा फुकट मिळत नाही. दोन-तीन टप्प्यांचा कॉम्प्रेसर, प्रत्येक टप्प्यानंतर पाण्याने थंड करायची सोय, जाड पोलादी बाटल्या. इंजिनाच्या ताकदीचा बरा हिस्सा हाच खायचा.

इंजिन चालू करायचं तर आधी फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) हाताने फिरवून पिस्टन वरच्या टोकाच्या थोडा पुढे आणायचा. इंधनाची नळी भरून घ्यायची, झोताच्या बाटलीचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग तरफ ‘सुरुवाती’वर. बाटलीतली हवा पिस्टन ढकलते. दोन-चार फेरे झाले की तरफ ‘चालू’वर. उशीर केलात तर बाटली रिकामी, आणि कॉम्प्रेसर तर इंजिनावरच चालणारा! बाटली भरायची कशी?

चालू झाल्यावरही ऑपरेटरचा हात झोताच्या दाबावरच. भार कमी असताना दाब जास्त ठेवला, तर थंड हवा इतकी घुसते की तेल पेटतच नाही, इंजिन चुकत चालतं. भार जास्त आणि दाब कमी, तर काळा धूर. निडल नीट बसत नसेल, तर तेल आधीच पाझरतं आणि ठोके बसतात. सगळ्यात वाईट म्हणजे कॉम्प्रेसरला जास्त वंगण देणं. नळीत तेलाचा थर साचतो, गरम दाबलेल्या हवेत पेटतो आणि नळी फुटते.

१८९८ मध्ये केम्प्टेनच्या काडेपेटी कारखान्यात ६० अश्वशक्तीचं इंजिन बसलं. ग्राहकाकडे गेलेलं हे पहिलं, आणि दुरुस्त्यांनी सगळ्यांना जेरीस आणणारं.

(दृश्य: बंदरात उभी जुनी पाणबुडी.)

समुद्रावर हा त्रास पत्करायला कारण होतं. जर्मन नौदलाच्या आधीच्या पाणबुड्यांची कोर्टिंग कंपनीची रॉकेल इंजिनं दाट पांढरा धूर सोडायची; लपायचं साधन स्वतःच आपला पत्ता सांगायचं. १९१३ ची यू-१९ ही पहिली डिझेलवाली, एमएएन कंपनीच्या इंजिनांची. तिकडे जमिनीवर १९२६ मध्ये हॅम्बुर्गच्या वीजघरात १५,००० अश्वशक्तीचं अवाढव्य इंजिन उभं राहिलं.

पण छोट्या इंजिनांत हे लटांबर मावणार कसं? बेन्झ कंपनीच्या प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये ज्वलनाआधीच्या लहान कक्षाचं पेटंट घेतलं: थोडं तेल आधी तिथे पेटतं आणि तोच दाब बाकीचं सिलिंडरमध्ये फेकतो. १९२७ पासून बॉश कंपनीचे इंधनपंप घाऊक बनू लागले, आणि मग कॉम्प्रेसरच्या झोताची गरजच संपत गेली.

(दृश्य: आजच्या जहाजाचं इंजिनघर. हवेच्या टाक्या.)

मोठ्या जहाजाचं इंजिन आजही ३० बारच्या हवेनेच सुरू होतं. त्या नळ्यांत वंगण साचलं, तर धोका तोच. म्हणून टाक्यांतलं तेल-पाणी आजही नेमाने काढून टाकतात.