खडूची रेघ

नमस्कार मंडळी. 'इंग्लंडातल्या झपाटलेल्या घरांचे तपास' हा आजचा विषय जाहीर झाल्यापासून तिघांनी मला गाठून एकच विचारलं, 'पण तिथं भूत आहे की नाही, तेवढं सांगा.' त्यांचा अपेक्षाभंग आत्ताच करून टाकतो. त्या प्रश्नाला मी हात घालणार नाही, कारण तो तपासायचा कसा हेच मला कळत नाही. कुणाला, कुठल्या जागी, काय जाणवलं, आणि त्याआधी त्याच्या कानावर काय घातलं होतं, हे मात्र तपासता येतं. इंग्लंडातल्या जुन्या इमारतींत काही माणसांनी हे उद्योग केले. कुणी नेटकेपणानं केले, कुणी घोळ घालून.

आपली भुतं बहुतेक घराबाहेरची. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, चकवा रानवाटेला. इंग्रजांची भुतं घरकोंबडी. जिन्यात, गॅलरीत, तळघरात मुक्काम. त्यामुळे तिथं भुताचा तपास म्हणजे आधी घराचा तपास. दारं, धुराडी, घंटांच्या तारा, उंदीर.

घोळापासून सुरुवात करू. एसेक्स परगण्यात, सफकच्या हद्दीला लागून बोर्ली नावाचं खेडं आहे. तिथं हेन्री बुल या पाद्र्यानं १८६३ च्या सुमारास विटांचं ऐसपैस घर बांधलं. मुलं चौदा, त्यामुळे घराला पुढे आणखी एक भाग जोडावा लागला. दंतकथा अशी, की त्या जागी पूर्वी मठ होता, तिथला एक साधू एका जोगिणीबरोबर पळाला, पकडले गेले, आणि तिला भिंतीत जिवंत चिणलं. कथा झकास आहे. अडचण एवढीच, की तिथं असा मठ असल्याचा पुरावाच नाही. तरी १९०० सालच्या जुलैत बुल यांच्या चार मुलींनी तिन्हीसांजेला बागेत ती जोगीण पाहिल्याचं सांगितलं, आणि जोगीण कायमची तिथली झाली.

१९२९ मध्ये 'डेली मिरर'नं बातमी छापली आणि हॅरी प्राइस बोर्लीत दाखल झाला. हा गृहस्थ अर्धा संशोधक, अर्धा जाहिरातबाज. १९३७ साली त्यानं ते रिकामं घर वर्षभराच्या भाड्यानं घेतलं आणि लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहिरात दिली: धीट, चिकित्सक, मनात पूर्वग्रह नसलेले लोक हवेत. निवडले ४८. कल्पना खरोखर चांगली होती. पण मग त्यानं या निःपक्षपाती मंडळींच्या हातात एक पुस्तिका ठेवली. घरात पूर्वी काय काय घडलं, कुठं लक्ष ठेवायचं, आकृती दिसली तर जवळ जाऊ नका, रंग, उंची, कपडे, आरपार दिसते का तेवढं टिपा... म्हणजे परीक्षेआधीच पेपर फुटलेला! अशा माणसाला रात्री दोन वाजता खट्ट वाजलं, तर तो उंदीर लिहील का?

मात्र प्राइसच्या माणसांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडते. घरातल्या किरकोळ वस्तूंभोवती ते खडूनं रेघ ओढून ठेवत. वस्तू जागची हलली का, याचं उत्तर मग त्या रेघेकडूनच घ्यायचं, कुणाच्या आठवणीवर सोडायचं नाही. दोन पैशांचं साधन. ही रेघ ध्यानात असू द्या.

१९३९ च्या फेब्रुवारीत ते घर जळालं, १९४४ मध्ये उरलंसुरलं पाडलं. १९५६ साली तिघा संशोधकांनी सगळी कागदपत्रं उकरून काढली आणि प्राइसच्या दाव्यांचं बरंचसं पीठ केलं. उंदीर, घराच्या विचित्र रचनेमुळे घुमणारे आवाज, आणि काही ठिकाणी खुद्द प्राइसवरच संशय. तोवर प्राइस वारला होता. जोगीण आहेच.

आता दुसरा माणूस, आणि हा माझा खास आवडता. व्हिक टँडी, इंजिनिअर. वैद्यकीय उपकरणं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करायचा. तिथं लोकांना उगाच अस्वस्थ वाटायचं. एका रात्री एकटाच काम करत असताना टँडीलाही घाम फुटला, अंगावर काटा आला, आणि डोळ्यांच्या कडेला एक करडी आकृती उभी राहिली. वळून पाहिलं तर काही नाही. तो सरळ घरी गेला. मीही तेच केलं असतं.

टँडीला तलवारबाजीचा नाद होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी त्यानं आपली तलवार तिथं आणली आणि व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात, पकडली. पातं आपोआप थरथरू लागलं. इथं दुसरा कुणी दृष्ट काढायला धावला असता. यानं व्हाइस खोलीभर सरकवत नेला. मध्यावर थरथर सर्वांत जास्त, भिंतींकडे शून्य. इंजिनिअरला आणखी काय हवं? नव्यानं बसवलेल्या एका पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची आवाजाची लाट उभी राहिली होती. आपला कान वीसच्या खालचं साधारण ऐकत नाही. अशा लाटेची लांबी अठरा मीटरच्या आसपास, म्हणजे नऊएक मीटरच्या खोलीत ती अर्धी चपखल बसते. पंख्याची बसवणूक बदलली, लाट गेली. १९९८ मध्ये त्यानं यावर लेख लिहिला, आणि मग कॉव्हेंट्रीत कॅथीड्रलजवळच्या एका चौदाव्या शतकातल्या तळघरात मापनयंत्रं घेऊन उतरला. तिथंही लोकांना कुणीतरी असल्याचा भास व्हायचा. तिथंही १९ च्या जवळपासची कंपनं सापडली.

वर्तमानपत्रांनी लगेच जाहीर केलं, भुताचं कोडं सुटलं. आपण भुतं न मानणारेही अशा बातम्या टाळ्या वाजवत पुढे ढकलतो, कारण त्या आपल्या बाजूच्या वाटतात. पण एका तळघरात कंपनं सापडली आणि भासही होतात, एवढ्यावरून एकानं दुसरं घडवलं असं होत नाही. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम एक 'झपाटलेली' खोली तयार केली. पांढरी, गोल, रिकामी. त्यात न ऐकू येणारे ध्वनी आणि चुंबकीय क्षेत्रं कधी सोडायची, कधी नाही. ७९ जणांना एकेकट्याला पन्नास मिनिटं आत ठेवलं. गरगरणं, अंग तरंगल्यासारखं वाटणं, कुणी असल्याची जाणीव, सगळं झालं. फक्त यंत्रं चालू असण्या-नसण्याशी त्याचा मेळ बसला नाही. काहीतरी वाटेल असं सांगून आत सोडलेल्या माणसाला काहीतरी वाटलं, एवढंच २००९ मध्ये छापून आलं.

आता हॅम्प्टन कोर्ट. लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्सकाठी कार्डिनल वुल्झीनं बांधायला घेतलेला आणि आठव्या हेन्रीनं आपलासा केलेला महाल. हेन्रीची पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड. १५४१ मध्ये व्यभिचाराचा आरोप आला. कथा सांगते, की पहारेकऱ्यांच्या हातून निसटून ती किंचाळत गॅलरीतून धावली. राजा चॅपेलमध्ये प्रार्थना करत होता, त्याच्यापर्यंत पोचली तर जीव वाचेल. पोचू दिलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत टॉवर ऑफ लंडनमध्ये शिरच्छेद. ती किंकाळी त्या गॅलरीत अजून ऐकू येते म्हणतात. पुणेकरांच्या डोळ्यांपुढे आत्ता काय आलं ते मला दिसतंय. नारायणराव, 'काका मला वाचवा', शनिवारवाडा. कॅथरीनच्या त्या धावण्याला तत्कालीन कागदांत आधार मिळत नाही, पण दोन्हीकडे वाड्यानं आठवण ठेवली ती एका धावण्याची आणि हाकेची.

या महालात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी सहाशेहून अधिक पर्यटकांना घेऊन पाहणी केली. पद्धत बघा. आत सोडण्याआधी प्रत्येकाला विचारलं: भुतांवर विश्वास आहे का? इथं कुठल्या जागी काय घडतं म्हणतात ते ठाऊक आहे का? मग काहींना सांगितलं, हल्ली इथं अनुभव वाढलेत. काहींना सांगितलं, वाढलेले नाहीत. नंतर हातात नकाशा. फिरा, आणि जिथं काही जाणवेल तिथं फुली मारा. प्राइसनं एकच गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. इथं सांगणं हाच प्रयोगाचा भाग होता.

विश्वास असणाऱ्यांच्या फुल्या जास्त, आणि त्यातही 'अनुभव वाढलेत' ऐकलेल्यांच्या आणखी. बहुतेक फुल्या थंडीच्या झुळका, चक्कर अशा. पांढऱ्या साडीतली बाई, आपलं, पांढऱ्या झग्यातली बाई जवळजवळ नाहीच. इथवर आपण खूश. पण फुल्या बदनाम जागांवरच जास्त पडल्या, आणि त्या जागा बदनाम आहेत हे ठाऊक नसलेल्यांच्याही! म्हणजे सगळं काही मनाचे खेळ म्हणूनही सुटका नाही. त्या जागेत काहीतरी आहे. हॅम्प्टन कोर्ट आणि अशीच पाहणी झालेली स्कॉटलंडमधल्या एडिंबराची भुयारं मिळून २००३ मध्ये जो लेख आला, त्यात चुंबकीय क्षेत्रातले चढउतार, जागेचा आकार, उजेड यांच्याशी या अनुभवांचा संबंध दिसला. जुन्या महालात बंद दारांच्या फटींतून येणारा गार वारा वेगळाच. कुणी म्हणेल, ही तर किरकोळ कारणं. मला तीच मोठी वाटतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एकाच कोपऱ्यात शहारली, तर त्यांना खोटारडी म्हणायचं कारण उरत नाही. वारा खरा, शहाराही खरा. राणी नंतर येते.

आणि त्याच २००३ च्या ऑक्टोबरात त्याच महालात आगीच्या वेळी वापरायच्या एका दाराचा अलार्म वाजला. दार उघडलेलं, पण पहारेकरी पोचले तेव्हा बंद. कॅमेऱ्याच्या चित्रणात दारं धाडकन उघडताना दिसली, आणि दुसऱ्या दिवशी लांब झगा घातलेली एक आकृती ती ओढून घेताना. डिसेंबरात ते चित्रण जगभर गेलं. आमच्याच माणसांची मस्करी नाही, असं महालानं सांगितलं. मला त्या आकृतीबद्दल विचाराल तर मी फक्त एवढंच विचारेन: पहिल्या दिवशी अलार्म वाजल्यावर, त्या उंबऱ्याशी कुणी खडूची एक रेघ ओढली होती का?