एन.सी. नोंदली, म्हणून मुदत थांबत नाही

नमस्कार श्रोतेहो.

भांडणात कुणी हात उगारला, मुका मार लागला, की माणूस पोलीस ठाण्यात जातो. ठाणे अंमलदार नोंद करून एक कागद हातात देतात. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे आपल्या बोलीतली एन.सी. तो कागद कपाटात जातो आणि ‘तक्रार दिली आहे’ या समजुतीत वर्ष सरतं. मग वकिलाकडे गेल्यावर कळतं की कोर्टात फिर्याद दाखल करायची मुदत संपली.

असं का होतं? अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही. फौजदारी कामकाजाचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 514 मुदत मोजताना दोनच तारखा धरतं: कलम 223 खाली न्यायालयात फिर्याद दाखल केल्याची, किंवा कलम 173 खाली पोलिसांनी खबर नोंदवल्याची, म्हणजे एफआयआरची. एन.सी.ची नोंद होते कलम 174 खाली. ती तारीख यात नाही.

आता मुदती. गुन्ह्याला फक्त दंड असेल तर सहा महिने. एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष. एक वर्षाच्या वर, पण तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षं. त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला या कलमाची मुदत नाही. शिक्षा म्हणजे कायद्यात लिहिलेली कमाल शिक्षा, कोर्ट प्रत्यक्षात किती देईल ती नव्हे. म्हणून कलम नीट पाहा. विश्वासघाताला, म्हणजे विश्वासानं सोपवलेला पैसा किंवा वस्तू हडपण्याला, जुन्या दंड संहितेत तीन वर्षं कैद होती. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षं झाली. त्यामुळे 1 जुलै 2024 पासून घडलेल्या अशा गुन्ह्याला तीन वर्षांची अट उरलेली नाही.

मोजायचं कसं, ते एका उदाहरणानं पाहू. 10 ऑगस्ट 2024 ला मारहाण झाली, साधी दुखापत, कमाल शिक्षा एक वर्ष. घटनेचा दिवस सोडायचा आणि 11 ऑगस्टपासून मोजायचं. मुदत 10 ऑगस्ट 2025 ला संपते. तो रविवार, कोर्ट बंद. म्हणून सोमवारी 11 तारखेला दाखल झालेली फिर्यादही चालते. मारणारा कोण हेच ठाऊक नसेल, तर त्याची ओळख फिर्यादीला किंवा तपास करणाऱ्या पोलिसाला ज्या दिवशी पहिल्यांदा पटली, तिथून मुदत सुरू होते. आरोपी फरार असेल किंवा भारताबाहेर असेल, तो काळ वजा होतो.

फिर्याद मुदतीत दिली, पण कोर्टानं दखल उशिरा घेतली तर? यावर बरीच वर्षं मतभेद होते. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सारा मॅथ्यू प्रकरणात तो वाद मिटवला. निकाल लिहिला न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी, ज्या आधी मुंबई उच्च न्यायालयात होत्या. तारीख धरायची ती फिर्याद दाखल केल्याची, दखल घेतल्याची नव्हे. कोर्टाच्या दिरंगाईचा भुर्दंड फिर्यादीवर पडता कामा नये. कलम 514 मधलं स्पष्टीकरण याच वाटेनं जातं, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

सासरच्या छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 च्या अरुण व्यास निकालात सांगितलं आहे की छळाच्या प्रत्येक नव्या प्रसंगापासून मुदत नव्यानं सुरू होते. म्हणून अशा फिर्यादीत शेवटचा प्रसंग तारखेसह लिहा. नुसतं ‘वारंवार त्रास दिला’ लिहिलं, की मुदतीचा मुद्दा पहिल्याच तारखेला उभा राहतो.

मुदत खरोखरच टळली असेल तरी कलम 519 आहे. विलंबाचं कारण समाधानकारक असेल, किंवा न्यायाच्या दृष्टीनं गरज असेल, तर कोर्ट उशिरानंही दखल घेऊ शकतं. फिर्यादीसोबतच विलंब माफीचा अर्ज जोडा. किती दिवस उशीर झाला, तो कशामुळे, आणि रुग्णालयाची कागदपत्रं किंवा पत्रव्यवहार असा पुरावा, हे सगळं त्यात हवं. कोर्टानं आरोपीला नोटीस देऊन, त्याचं ऐकूनच हा अर्ज निकाली काढायचा असतो. महाराष्ट्रातल्याच शरदचंद्र डोंगरे प्रकरणात आरोपीला न ऐकता विलंब माफ केला गेला होता, आणि सर्वोच्च न्यायालयात तो आदेश टिकला नाही. तेव्हा कोर्टानं अर्ज तिथल्या तिथे मंजूर करतो म्हटलं, तरी आपल्या वकिलांना आधी नोटीस काढण्याची विनंती करायला सांगा.