उशाचा गडवा

(दृश्य : मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या महाल भागातली अरुंद गल्ली, उन्हानं पांढरी पडलेली. मागे कूलरची घरघर.)

बडकस चौकाच्या मागच्या गल्लीतलं हे जुनं घर. बाहेर पारा ४५ अंशांवर. आत कूलरचा ओला वारा आणि खाटेवर ७८ वर्षांच्या आजी. उशाशी पितळी गडवा, त्यावर उपडा घातलेला पेला. सुनेनं सकाळी भरून ठेवला होता. आता दुपारचे तीन वाजलेत आणि गडवा काठोकाठ तसाच आहे.

"पानी पेलं का आई?"

"पेलं ना."

आजी खोटं बोलताहेत. सुनेला ते ठाऊक आहे, आणि सुनेला ठाऊक आहे हे आजींनाही ठाऊक आहे.

या चित्रफितीत तुम्हाला आजींचा चेहरा दिसणार नाही. त्यांची तशी अट होती. "हात दाखवा, पाय दाखवा. तोंड नका दाखवू बाप्पा. लोकं म्हनतीन, म्हातारी लुगड्यात मुतते म्हून टीव्हीवर आली." हे सांगताना त्या हसल्या, आणि लगेच पदर तोंडाला लावला. म्हणून आमचा कॅमेरा बराच वेळ या गडव्यावर थांबलाय.

(दृश्य : खाटेपासून मोरीपर्यंतची वाट. दोन पायऱ्या, आंगण, उंच उंबरठा.)

खाटेपासून संडासापर्यंत किती पावलं? आम्ही मोजली. २६. मध्ये दोन पायऱ्या, उन्हात तापलेलं आंगण, मग उंबरठा. गुडघे धरलेल्या माणसाला ही वाट म्हणजे रामटेकची चढण. आजींचा हिशोब सरळ आहे. "पानी पेलं की जावं लागते. जायला टाइम लागते. टाइम लागला की लुगडं ओलं होते. मंग मी पेतच नाई."

हिशोबात चूक काढता येत नाही. पण शरीर हा हिशोब मानत नाही. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि दाट लघवी मूत्राशयाला टोचते, त्यामुळे थोडीशी साठली तरी घाई लागते. पोटातला मळ सुकतो, आतड्यात अडून बसतो आणि पुढच्या मूत्राशयावर दाब देतो. म्हणजे जे टाळायला पाणी सोडलं, तेच वाढतं. वर उठताना चक्कर येते ती वेगळीच. म्हातारपणी तहानच कमी लागते, त्यामुळे आपण सुकत चाललोय हे माणसाला कळतही नाही. नागपूरच्या मे महिन्यात तर हा खेळ फार लवकर अंगाशी येतो.

(दृश्य : दारात स्कूटी थांबते. चेहऱ्यावरचा दुपट्टा सोडत एक बाई आत येतात.)

या सिस्टर. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात उभी हयात काढून निवृत्त झाल्या. आता घरोघरी जातात. त्यांचंही नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की त्यांची स्कूटी ज्या ज्या दारात दिसते ती सगळी घरं ओळखू येतील.

आम्हाला वाटलं, पिशवीतून डायपरचं पाकीट निघेल. निघाली चौकडीची वही. रेघोट्या मारून सहा रकाने : वेळ. काय पेल्या. किती. लघवी मोरीत की कपड्यात. तेव्हा काय चाललं होतं. शी. तीन दिवस, तीन रात्री. सुनेला एक खुणांचा प्लास्टिकचा मग दिला आणि एवढंच म्हणाल्या, "अंदाजे नका लिहू. जेव्हा होईन तेव्हा लिहा."

(दृश्य : वहीची पानं. निळ्या शाईतले आकडे.)

चौथ्या दिवशी वही बोलायला लागली. दिवसा दर दोन तासांनी कोणी हात धरून नेलं तर आजी कोरड्या. संध्याकाळच्या चहानंतर कोणी लक्ष दिलं नाही तर ओल्या. आणि रात्री एक ते चारच्या मध्ये तीन वेळा, दर वेळी भरपूर.

पाणी न पिणाऱ्या बाईला रात्री एवढी लघवी येते कुठून? सिस्टरांनी आजींच्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला. दिवसभर पाय लोंबकळत बसलं की पाणी पायांत उतरतं, आणि रात्री आडवं झालं की तेच रक्तात परत येऊन मूत्रपिंडात जातं. त्यात भर म्हणजे रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी. सगळ्या गोळ्या एकदमच द्यायच्या म्हणून तीही रात्री आठला, जेवणाबरोबर. डॉक्टरांना फोन झाला. ती गोळी सकाळी गेली. दुपारी दोन ते चार या वेळेत उशांवर पाय. पाण्याचं बहुतेक माप संध्याकाळी सहापर्यंत संपवायचं, ताक आणि पन्हं धरून. नंतर घोटभरच. ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्यांनी पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्यावं. बाकीच्यांना दिवसाला दीड-दोन लिटर लागतंच, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

मग आली कमोडची खुर्ची, आणि घरात पहिलं भांडण झालं. आजींच्या खोलीतच देव्हारा. "देवापुढं बसू का मी त्याच्यावर?" सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. खुर्ची दाराबाहेर ओसरीत गेली, पडदा लागला. खाटेपासून सहा पावलं. भिंतीला धरायला दांडा, खाली पाय घसरणार नाही असं पायपुसणं, रात्रभर छोटा दिवा. रात्रीपुरतं लुगड्याऐवजी गाऊन. ही रचना लघवीपेक्षाही हाडांसाठी मोलाची आहे. रात्री अंधारात घाईनं उठणं आणि पडून खुबा मोडणं, ही गोष्ट किती घरांत घडते ते कोणत्याही हाडांच्या वॉर्डात विचारा.

आजींचं मूत्राशय तसं बिघडलेलं नव्हतंच. वाट लांब होती. प्रत्येकाचं असं नसतं. कोणाची खोकताना, शिंकताना, हसताना निसटते. कोणाला अचानक अशी घाई लागते की दारापर्यंतही पोचवत नाही. कोणाचं मूत्राशय रिकामंच होत नाही आणि भरून वाहतं, जसं मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांचं. उपाय निराळे, म्हणूनच आधी वही.

घाई लागणाऱ्यांना सिस्टर एक गोष्ट शिकवतात. लागली की धावायचं नाही. थांबायचं, शक्य तर टेकायचं, खालचे स्नायू चार-पाच वेळा झटपट आवळायचे. घाईची लाट ओसरते. मग चालायला लागायचं. हे स्नायू कोणते, हे सांगायला त्या लाजत नाहीत. "चारचौघांत वारा सरायला लागला तर कसं रोखता? तेच." ते स्नायू पाच ते दहा सेकंद आवळून तेवढाच वेळ सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला. औषधाच्या दुकानात मिळत नाही म्हणून आपल्याकडे त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. फरक दिसायला तीन महिनेही लागतात.

(दृश्य : मानेवाडा. दोन मजली घर. खालच्या खोलीत बंद खिडक्या, उदबत्तीचा धूर.)

इथं आबाजी आहेत. त्यांचा मुलगा दारातच सांगतो, "दहा दिवसांपासून जुलाब होऊन राहिले सिस्टर. बंद व्हायच्या गोळ्या चालू आहेत, तरी चालूच आहे." पातळ, थोडं थोडं, न कळता. भूक नाही. पोट फुगलेलं.

सिस्टरांनी एकच प्रश्न विचारला. "याच्या आधी बांधून कधी झाली होती?"

कोणालाच सांगता येईना. दोन आठवडे? तीन? शी हा विषय असा, की आजारी माणसाच्या नाडीचा आकडा घरात सगळ्यांना पाठ असतो, याचा कोणालाच नाही.

हातमोजा घालून त्यांनी तपासलं. गुदद्वाराशी मळाचा दगड अडकलेला. नालीत दगड अडकला की पाणी त्याच्या कडेनं वाट काढत झिरपतं, तसं वरचं पातळ खाली येत होतं, आणि घरचे त्याला जुलाब समजून थांबवायच्या गोळ्या देत होते. म्हणजे दगडावर आणखी सिमेंट. ही चूक शिकलेल्या घरांतही होते आणि औषधाच्या काउंटरवरही होते. म्हाताऱ्या माणसाला अचानक असे जुलाब लागले, तर आधी आतलं अडलंय का ते बघून घ्यायला हवं.

अडलं कशानं? महिनाभरापूर्वी आबाजी पडले, कंबर दुखावली. वेदनेसाठी ट्रामाडॉल, अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या, दिवसभर खाट. तिन्ही आतडं थंड करणारं किंवा मळ घट्ट करणारं. त्यावर पाणी कमी. आणि एका गोष्टीला कोणीच धरलं नव्हतं : त्यांना शी झोपून, बेडपॅनवर करायला लावत होते. सत्तर वर्षं उकिडवं बसलेल्या माणसाला आडवं होऊन होईल कशी? ज्याला बसवता येतं त्याला बसवलंच पाहिजे.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून एनिमा झाला, पोटातून औषध सुरू झालं. दगड फुटायला चार दिवस लागले. बोटानं मळ काढणं हे काम सिस्टर घरच्यांना करू देत नाहीत, कारण त्यानं नाडी एकदम मंदावू शकते. दुकानातून आपल्या मनानं आणलेला फॉस्फेटचा एनिमा मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. साबणाच्या पाण्याचा घरगुती एनिमा आतडं सोलतो. आणि दर आठवड्याचं एरंडेल? "ते देवघरात ठेवा, दिव्यासाठी," असं त्या म्हणतात.

(दृश्य : पोळपाटाशेजारी ठेवलेला लाकडी पाट. आबाजींची पावलं त्यावर.)

पोटात काही गेलं की आतडं जागं होतं, सकाळी सगळ्यात जास्त. म्हणून आबाजींचा नेम : सकाळचा चहा-नाश्ता, त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी कमोड. पायाखाली पाट, म्हणजे गुडघे खुब्यांच्या वर येतात. पुढे वाकून कोपरं मांडीवर. दहा मिनिटं, कुंथायचं नाही. नाही झाली तर उठायचं, उद्या पुन्हा. दार लोटलेलं, मुलगा बाहेर, मोबाइल बंद. कोणी दारावर थापा मारत "झालं का बाबा?" विचारायचं नाही. आतड्याला लाज असते हो.

ज्वारीची भाकरी, चवळीची भाजी, पपई, पेरू. संत्र्याच्या दिवसांत सालीखालचा चोथा न फेकता फोड तशीच खायची, कारण रसात तो चोथा उरत नाही. इसबगोल घ्यायचा तर पेलाभर पाण्याबरोबर. कोरडा घेतला, किंवा पाणीच न पिणाऱ्या, खाटेवरच्या माणसाला दिला, तर तोच आत जाऊन बूच बसवतो. सिस्टरांच्या वहीत शेवटच्या रकान्यात चित्रं असतात : लेंड्या, भेगा पडलेलं, केळं, लापशी, ताक. दवाखान्यांत १९९७ पासून चालत आलेल्या ब्रिस्टॉल तक्त्याचे सात प्रकार आहेत, त्यांनी पाचवर आणलेत. आबाजींची सून रोज चित्राखाली टिक करते. गेल्या आठवड्यात पाच केळी.

(दृश्य : नंदनवन. खाटेच्या वरच्या गजाला टांगलेली लघवीची पिशवी.)

ही पिशवी पाहिल्यावर सिस्टर चप्पल न काढता आत गेल्या आणि आधी ती खाली आणली. नळी घातलेल्या माणसाची पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की घाण उलटी आत जाते. खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. मुरड पडायला नको, नळी मांडीला पट्टीनं बांधलेली हवी, पिशवी अर्ध्याच्या वर गेली की रिकामी करायची, आधी आणि नंतर हात धुवायचे. नळीच्या तोंडाशी रोज साबण-पाणी, डेटॉल नाही.

पण त्यांचा खरा प्रश्न वेगळा होता. "ही नळी अजून काऊन आहे?" शस्त्रक्रियेच्या वेळी घातली, घरी पाठवताना काढायची कोणी आठवण केली नाही आणि घरच्यांनाही चादर कोरडी राहते म्हणून बरं वाटलं. दीड महिना. आत राहिलेल्या नळीनं जंतूंचा धोका रोज वाढतो. कपडे ओले होतात एवढ्यासाठी नळी हा उपाय नाही. पुरुषांसाठी बाहेरून लावायचं कंडोम कॅथेटर असतं. डॉक्टरांना विचारून नळी निघाली. दोन दिवस लघवी होते की तुंबते यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं, आणि झाली.

तुंबणं मात्र धावाधावीचं काम. ओटीपोट टम्म, प्रचंड कळ आणि थेंब नाही, तर रात्रीचे दोन असोत, मेडिकल किंवा मेयो, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठायचं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला साध्या सर्दीच्या गोळीनंही असं होऊ शकतं. लघवीतून रक्त, डांबरासारखी काळी शी, उलट्यांबरोबर वाराही न सरणं, शहाणासुरता माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागणं, हीही वाट बघण्याची लक्षणं नव्हेत.

डायपरबद्दल सिस्टरांचं मत कडक आहे. प्रवासाला, लग्नाला, दवाखान्यात खुशाल वापरा. पण मे महिन्यात सकाळी घातलेला संध्याकाळी काढला तर आत मांड्या शिजतात. पावडर नको, ती ओली होऊन गोळे धरते. कोमट पाणी, समोरून मागे पुसायचं, मऊ कापडानं टिपायचं, मग झिंकच्या मलमाचा पातळ थर. आणि "घाण केली" हा शब्द उच्चारायचा नाही. सुनेनं नाही, सेवेसाठी ब्युरोतून आलेल्या बाईनं नाही, नातवानंही नाही.

(दृश्य : पुन्हा महाल. रात्र. ओसरीतला छोटा दिवा.)

आवाज नीट यावा म्हणून आम्ही कूलर बंद करायला सांगितलं, आणि दोन मिनिटांत सगळे घामाघूम. आजी तेवढ्या शांत. पावणेतीनला त्या उठून बसल्या. कोणाला हाक मारली नाही. दांड्याला धरून सहा पावलं गेल्या, पडदा सरकवला. परत आल्या, गडव्यातून अर्धा पेला पाणी घेतलं. उरलेलं पाणी कुंडीतल्या तुळशीला ओतलं आणि अंधारात आमच्याकडे बघत म्हणाल्या,

"सकाळी सुनेला सांगजा, लिहून ठेव म्हना. कोरडी."