काकवीतली तिसरी

श्रोतेहो, नमस्कार.

तिसऱ्या, म्हणजे आपले खायचे शिंपले, पाण्यात घालून ठेवल्या की थोड्या वेळाने त्यांची कवचं किलकिली होतात आणि बोट लागलं की मिटतात. समजा, अशी एक तिसरी काकवीत बुडवली. उघडेल, मिटेल, पण पुढे सरकेल का?

१९७७ साली भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी हाच प्रश्न स्कॅलॉप नावाच्या शिंपल्याबद्दल विचारला. उत्तर आलं, नाही. दाट द्रवात ढकलणं थांबलं की हालचाल तिथंच थांबते. त्यामुळे हळू उघडून झटकन मिटलं तरी उपयोग नाही. उघडताना जेवढं मागे, मिटताना तेवढंच पुढे. सूक्ष्म जंतूंना आपलं साधं पाणीसुद्धा असंच काकवीसारखं लागतं.

आता शिंपल्याच्या एका बिजागरीऐवजी दोन बिजागऱ्या द्या. पहिली वाकवा, दुसरी वाकवा, पहिली सरळ करा, दुसरी सरळ करा. अंग मूळ आकारात परत आलं, पण जागा बदलली! याहून सुंदर गणित मी पाहिलेलं नाही. कागदावर एका बिजागरीचा कोन आडवा आणि दुसरीचा उभा मांडला, तर या चार हालचालींचा चौकोन होतो. एकटी बिजागरी नुसती रेघ काढते, गेली तशी परत येते; रेघेला कुठलं क्षेत्रफळ? चौकोनाला ते आहे, आणि पुढे सरकणं त्या घेरलेल्या जागेतूनच येतं. शेपियर आणि विल्चेक या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात हे भूमितीच्या भाषेत नेमकं मांडलं. सापासारखे सरपटणारे रोबोट घडवताना गणिती असाच नकाशा समोर ठेवतात आणि कुठल्या भागाला वळसा घातला तर एका फेरीत जास्त अंतर कापलं जाईल ते आधी कागदावर पाहतात.

गोव्यात गतीची भूमिती सांगताना दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस मुळात गणिती. गतीची समीकरणं हाती असतील, तर त्यातून निघणाऱ्या वाटांची स्वतःची भूमिती कोणती? शेजारच्या दोन वाटा एकमेकींना बिलगून राहतील की फाकत जातील? यावरचा त्यांचा निबंध १९३३ साली एका जर्मन गणिती नियतकालिकात आला, आणि थोर फ्रेंच भूमितिकार एली कार्तां यांनी त्याला लागूनच आपलं टिपण लिहिलं. पुढे चिनी गणिती चर्न यांनी त्यात भर घातली. ती भूमिती आज या तिघांच्या नावाने ओळखली जाते, आणि त्यात पहिलं नाव कोसंबींचं आहे.