मला तर आधीच माहीत होतं!

२१ फेब्रुवारी १९७२, बीजिंगचा विमानतळ. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन विमानाच्या जिन्यावरून उतरतायत, खाली चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय उभे आहेत, आणि हा तो हात, निक्सननी आधीच पुढे केलेला.

या दौऱ्याच्या आधी तिकडे इस्रायलमध्ये बरूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना कागद वाटले होते. निक्सन चीनचे नेते माओ यांना भेटतील का, दौरा यशस्वी झाला असं जाहीर करतील का, शक्यता किती वाटते ती लिहा. दौरा झाला, मग त्याच मुलांना विचारलं, तेव्हा काय आकडा लिहिलेलात ते आठवून सांगा. तर जे घडलं होतं, त्याला आपण आधी जास्तच आकडा दिलेला असं बहुतेकांना आठवत होतं. मुलं खोटं बोलत नव्हती हं, निकाल कळला की आठवणच सरकते.

फिशहॉफ मूळचे डेट्रॉईटचे, गणित आणि मानसशास्त्र शिकलेले, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात काहनमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या काळात पीएचडी, मग ओरेगन, आणि १९८७ पासून पिट्सबर्ग, कार्नेगी मेलन विद्यापीठ.

धोका लोकांना कसा सांगावा, हेही फिशहॉफ यांचं काम. त्यासाठी आता हे पेनसिल्व्हेनियातलं तळघर. कोपऱ्यात ही गोल डबी दिसतेय ना, तिचं झाकण उघडं ठेवायचं, आतला कोळसा हवेतला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू शोषून घेतो, काही दिवसांनी बंद करून लॅबला पाठवायची. रेडॉन जमिनीतून येतो, त्याला रंग नाही वास नाही, आणि अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरचं सिगरेटनंतरचं मोठं कारण हाच.

फिशहॉफ, ॲन बॉस्ट्रम आणि ग्रेंजर मॉर्गन या संशोधकांनी रेडॉनची माहिती देणारं पत्रक छापायच्या आधी लोकांसमोर बसून एवढंच म्हटलं, रेडॉनबद्दल तुम्हाला जे माहीत असेल ते सांगा. आणि मधे न टोकता ऐकलं. मला या सगळ्या कामात हे ऐकणंच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्यातूनच कळलं की काही जणांना वाटतंय एकदा रेडॉन शिरला की घर कायमचं बाद, भिंतीत मुरला. तसं अजिबात नाही! चार दिवसांच्या आत निम्मा संपतो, नवा यायचा थांबवला की झालं. पण घर बादच झालंय असं ज्याला वाटतं तो ही डबी कशाला आणेल? त्याला नुसतं 'धोका आहे' सांगून काय उपयोग, त्याच्या डोक्यातली ती एक गाठ आधी सोडवायला हवी.

पुढे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध नियामक संस्थेने, धोका लोकांना कसा सांगावा यासाठी सल्लागार समिती नेमली, तिचे पहिले अध्यक्ष फिशहॉफच.

आणि नवा रेडॉन घरात यायचा थांबवणारा हा पाईप. फरशीखालून निघून छपराच्या वर गेलेला, मधे छोटा पंखा, रात्रंदिवस चालू.