ओळ भरायची आहे

(दृश्य : तळहातावर एक लाकडी अक्षर)

हा छपाईचा खिळा, म्हणजे एका अक्षराचा ठसा. शिशाचा नाही, मेपलच्या लाकडाचा आहे. बोट फिरवून बघितलं तर कळतं, खोडाच्या आडव्या कापाची बाजू वर घेतलीय. तंतू उभे राहतात, म्हणून यंत्राचा दाब सोसतो. एवढं मोठं अक्षर शिशात ओतलं तर जड आणि महाग पडायचं. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सनं लाकूड कोरायचं यंत्र काढलं, आणि भिंतींवरची अक्षरं वाढत गेली.

(दृश्य : सर्कशीचं जुनं भित्तिपत्रक)

व्हिक्टोरियन काळातलं हे भित्तिपत्रक. दर ओळीला वेगळं अक्षरवळण. आपल्याला ही हौस वाटते. पण आधी होती ती गरज. खिळे लोखंडी चौकटीत आवळायचे, तर प्रत्येक ओळ काठोकाठ भरायला हवी. शब्द छोटा, तर जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, रुंद, पसरट खिळे काढणार. नाव लांबलचक, तर अरुंद आणि उंच. मधल्या फटीत 'अँड', 'द' असे अख्खे शब्द कोरलेला एकच ठोकळा. या पत्रकाची सगळी लय त्या मापातून आलीय.

क्लॅरेंडन हे ठळक, टोकांना जाड पाय असलेलं अक्षरवळण १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे खिळे ओतायच्या कारखान्यात, आलं. शब्दकोशातला मूळ शब्द उठून दिसावा, हे त्याचं साधं काम. नोंदणीचं संरक्षण फक्त तीन वर्षांचं. ते संपताच इतरांनी त्याच्या नकला काढल्या आणि क्लॅरेंडन पत्रकांवर पसरलं.

(दृश्य : संगणकाचा पडदा)

आज हे रूप हवं असलं की पिवळट कागद, चरे आणि डाग आधी टाकले जातात. मला ते पटत नाही. डाग काळानं पाडलेत, जुळाऱ्यानं नाहीत. त्याच्याकडून घ्यायची ती ओळ. आणि ती भरायला अक्षर ताणू नका. आडवं ताणलं की उभे दांडे फुगतात, आडव्या रेघा तशाच राहतात, अक्षराचा तोल जातो. त्याच घराण्यातलं रुंद वळण शोधा.

रंगासाठी लाकडी खिळे बनवणाऱ्या विल्यम पेजचे १८७४ चे नमुने बघा. एका अक्षराचे दोन ठोकळे, दोन शाया, एकावर एक छापलेल्या. त्यावरूनच १९९४ मध्ये अडोबीचा रोझवूड फॉन्ट झाला. त्याचेही दोन थर आहेत, खालचा भरीव, वरचा नक्षीचा.

आता तुमचा मजकूर घ्या. सगळ्यात छोटा शब्द निवडा आणि तो काठापासून काठापर्यंत बसवा. बाकीच्या ओळींची रुंदी तिथून ठरेल.